मागच्या सीटवरचं बोलणं

हेल्मेटच्या दुकानातल्या मुलीने विचारलेला प्रश्न अगदी सरळ होता, त्यात कसलीही खोच नव्हती. "काका, काकू मागून बोलतात ते ऐकू येतं का तुम्हाला?" काउंटरवर तीन डबे उघडे होते. तिन्हींत हेल्मेटला चिकटवायचं काळं यंत्र, दोन चपटे स्पीकर, एक माइक आणि वायरींचं भेंडोळं. तो मघापासून वायरींकडेच बघत होता. "येतं की," तो म्हणाला, आणि इतक्या झटक्यात म्हणाला की उत्तर आधी बाहेर पडलं आणि विचार मागाहून आला. "सगळं?" मुलीने विचारलं. "सगळं." मग ती हसली. "मग तुम्ही पहिलेच. इथे येणारी प्रत्येक जोडी त्याच्यावरूनच भांडत येते. तो म्हणतो ही मागे काय बडबडते कळत नाही, ती म्हणते हा मुद्दाम ऐकत नाही." त्याची बायको पलीकडे आरशासमोर एक राखाडी हेल्मेट डोक्यावर बसवून बघत होती. तिच्या जुन्या हेल्मेटचा पट्टा गेल्या आठवड्यात तुटला होता, म्हणून ती बरोबर आली होती. तिने मान वळवली नाही, आरशातूनच म्हणाली, "त्यांचे कान फार तिखट आहेत. लिफ्टच्या मशीनला काय दुखतंय तेसुद्धा ऐकू येतं त्यांना." यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि कोरडंच कपाळ पुसलं.

ते खरंही होतं, म्हणजे मशीनपुरतं. तीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता आणि कंपनीतली माणसं त्याला डॉक्टर म्हणत. हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतली गोळी कुठे घासते, तेल कुठे सुकलंय, दोर कोणत्या खाचेत बसत नाही, सगळं त्या लोखंडातून वर येई. नव्या मुलांकडे यंत्रं होती, आकडे दाखवणारी, पण ती मुलं शेवटी त्यालाच बोलवत. आणि लिफ्टमध्ये माणूस अडकला की मग तर त्यालाच पाठवत, कारण दाराच्या फटीला तोंड लावून तो जे बोले ते ऐकून आतला माणूस शांत होई. "घाबरू नका. मी इथेच आहे. तुम्ही बोलत राहा, मी ऐकतोय." हे वाक्य त्याने आयुष्यात किती अनोळखी माणसांना म्हटलं असेल, त्याला हिशेब नव्हता. एका म्हातारीने सुटका झाल्यावर त्याचा हात धरून सांगितलं होतं की इतकं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलं नाही. त्या संध्याकाळी तो बायकोला मागे बसवून घरी आला होता. वाटेत ती काहीबाही बोलली असणारच. काय, ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

आज तो इथे आला तोही कामापायीच. मागच्या महिन्यात एक माणूस चाळीस मिनिटं बंद लिफ्टमध्ये उभा राहिला, कारण हा गाडीवर होता आणि खिशातला फोन वाजलेला याला कळला नाही. साहेबाने चारचौघांत विचारलं, "काय डॉक्टर, कान म्हातारे झाले की काय?" सगळे हसले, तोही हसला. साहेबाने मग हेल्मेटमध्ये बसणारं ते यंत्र घ्यायला सांगितलं. म्हणून त्याला फोन ऐकू आला की पुरे होतं. मागच्या सीटचा विषय त्याच्या डोक्यात नव्हता. खरं सांगायचं तर तो विषय डोक्यात येऊ नये याची व्यवस्था त्याने पंचवीस वर्षं फार नेकीने केली होती.

म्हणून तो मुलीला भराभरा प्रश्न विचारत सुटला. बॅटरी किती तास चालते. पाऊस लागला तर. हातमोजे घालून बटन दाबता येतं का. माझं हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं आहे, त्याला दांडीचा माइक चालेल की चिकटवायचा. मुलगी हुशार होती. तिने त्याच्या हेल्मेटच्या आतलं कापड उचकटून कानाजवळची खोबण दाखवली. "स्पीकर बरोब्बर कानाच्या भोकासमोर यायला पाहिजे, काका. बोटभर जरी सरकला ना, मग कितीही भारी घ्या, नुसतं घुमतं. लोक म्हणतात यंत्र खराब आहे. यंत्र चांगलं असतं, बसवलेलं चुकलेलं असतं." तो गंभीरपणे माना डोलावत होता. तिसरा डबा तिने पुढे सरकवला. हा जोडीचा. चालवणाऱ्याला एक, मागे बसणाऱ्याला एक, मध्ये फोन लागत नाही की काही लागत नाही, चारशे पावलांपर्यंत आवाज येतो. "जोडीचं नको," तो म्हणाला. "मला कामासाठी हवंय." "अहो पण बघून तरी घ्या," बायको म्हणाली. ती काउंटरशी येऊन उभी राहिली होती, राखाडी हेल्मेट अजून डोक्यावरच, आणि तिचे गाल त्यात दाबले गेल्याने ती शाळकरी मुलीसारखी दिसत होती. "मजा येईल की. नाहीतरी एवढं ओरडून ओरडून माझा घसा बसतो." ओरडून. त्याला माहीतच नव्हतं की ती ओरडत असे.

लग्न झालं तेव्हा घरात सात माणसं आणि दोन खोल्या. त्याचे आईवडील, मोठा भाऊ, भावजय, त्यांची मुलगी, आणि हे दोघं. भिंत म्हणावी तर एका बाजूला कपाट आणि एका बाजूला पडदा. बोलायचं म्हटलं तर सगळ्या घराला पुरेल असंच बोलावं लागे. मग त्याने जुनी मोटरसायकल घेतली. सकाळी तो तिला दाताच्या दवाखान्यात सोडी, जिथे ती पेशंटची नावं लिहून घेण्याचं काम करी, आणि संध्याकाळी घेऊन येई. जायला वीस मिनिटं, यायला पंचवीस. एवढाच वेळ त्या दोघांचा असा होता, आणि तिने तो बोलण्यासाठी ठेवून दिला. घरात काही झालं, कुणी काही टाकून बोललं, तिच्या मनात काही आलं की ती डोळ्यांनी त्याला थोपवी आणि हळूच म्हणे, "गाडीवर सांगते." तिला तोंडासमोर बोलायचा संकोच वाटे हेही एक होतं. त्याच्या पाठीशी मात्र ती मोकळी होई. आणि त्याची गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की त्यालाही दिवसभरात तेवढाच वेळ एकट्याचा मिळे. दिवसभर मशीनची घरघर, घरी माणसांची. गाडी पुलावर चढली, वारा हेल्मेटमध्ये शिरून एकसारखा वाहू लागला की त्याच्या डोक्यात छान पांढरी शांतता पसरे. तिला जे बोलायला हवं होतं त्याच वेळी त्याला गप्प बसायला हवं होतं, आणि दोघांनाही वाटे की आपला संसार गाडीवर चालतो म्हणून बरा चालतो.

पहिले काही महिने तो "काय?" विचारत असे. ती पुन्हा सांगे. तो पुन्हा "काय?" म्हणे. ती जोरात सांगे, वारा तेही घेऊन जाई. एकदा तिसऱ्या "काय?" नंतर ती हिरमुसली आणि घरी येईपर्यंत गप्प बसली. ती पाठीमागची खिन्नता त्याला सहन झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नुसतं "हं" केलं. आणि ते चाललं. चाललं म्हणजे काय, ते फुललं. हळूहळू तो त्या कामात इतका तयार झाला की त्याला स्वतःचाच अभिमान वाटावा. ती हसली की तिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक् करून आपटे, तेव्हा हसरा हं. ती चिडलेली असली की गुडघे त्याच्या कमरेला जरा घट्ट लागत, तेव्हा आखूड, तिच्या बाजूचा हं. ती लांबलचक काही सांगू लागली की दर दोन खांबांमागे एक. आणि प्रश्न असेल तेव्हा ती त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून दाबत असे. तेव्हा ठाम हं, मान खाली घालून. बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर लावावा तसं त्याने तिला अंगाने ऐकलं. शब्द तेवढे राहिले.

पुढे दोघांनी वेगळं घर केलं, दोन माणसांना तीन खोल्या झाल्या, ओरडलं तरी ऐकायला कुणी नव्हतं, पण सवय गेली नाही. स्वयंपाकघरात समोरासमोर उभं असतानाही ती म्हणे, "थांबा, गाडीवर सांगते." आणि तो आनंदाने थांबे.

"लायसन्स ठेवा आणि एक चक्कर मारून या," मुलगी म्हणाली. तिने दोघांच्या हेल्मेटांना डेमोचे सेट बसवले. स्पीकर सरकवत, बोटाने दाबत, "इथे? आता? की आता?" असं विचारत तिने त्याचा कान शोधला. बायकोला तिने बाजूचं मोठं बटन दाखवलं. "काकू, हिरवा दिवा आहे तोपर्यंत तुमचं बोलणं यांना जाणार. बंद करायचं असेल तर हे दाबून धरायचं. मोज्यातूनसुद्धा लागतं." बायकोने दोनदा बंद-चालू करून बघितलं, शिकल्याच्या समाधानाने मान हलवली. त्याने बाहेर येऊन गाडीला किक मारली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली तेव्हा ती मागे बसली.

"ऐकू येतंय का?"

त्याने गाडी जवळजवळ बंद पाडली. आवाज मागून आला नाही, डोक्याच्या आत, दोन कानांच्या मधोमध उमटला. "हो," तो म्हणाला. "अय्या," ती म्हणाली, "किती जवळ आहात तुम्ही." गाडी गल्लीतून रस्त्याला लागली आणि ती बोलू लागली. तिचा घरातला आवाज त्याला पाठ होता, कुकर बंद करा म्हणणारा, फोन उचला म्हणणारा, वरच्या पट्टीतला कामाचा आवाज. हा तो नव्हता. हा सावकाश होता, थोडा घोगरा, मधेच स्वतःशी हसणारा. ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. एका बंद इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी अजून पडदा लावतं, असं तिने दाखवलं. "मी तुम्हाला म्हटलं होतं ना, कुणीतरी राहतंय तिथे." "हो," तो म्हणाला. "आणि ती आमच्याकडची उंच नर्स. शेवटी गेली ती त्याला सोडून. तुम्ही म्हणाला होतात तेच झालं." उंच नर्स कोण हे त्याला माहीत नव्हतं. "मी तिला सांगितलं तसं. म्हटलं, आमचे हे म्हणतात की जिथे रोज भीती वाटते तिथे राहू नये. रडली ती. म्हणाली, तुमचे मिस्टर फार समजूतदार आहेत."

तो ते वाक्य कधी बोलला नव्हता. ते वाक्य तिचंच होतं. तिने ते प्रश्न म्हणून पुढे केलं असणार, दोन बोटं दाबून, आणि त्याने मान खाली घालून ठाम हं भरला असणार, आणि त्यानंतर ते त्याचं झालं. ती आणखी बोलत होती. डॉक्टरीणबाईंचा रागीटपणा, शेजारच्या मुलाचं कॉलेज, तिच्या गुडघ्याचं दुखणं, ज्याच्याबद्दल त्याने म्हणे तिला धीर दिला होता. प्रत्येक गोष्टीचा आधीचा भाग होता आणि आधीच्या प्रत्येक भागात तो होता, मत देणारा, सल्ला देणारा, कधी कधी फटकारणारासुद्धा. पंचवीस वर्षं तिच्या पुढे एक माणूस गाडी चालवत होता. तो तिचं सगळं ऐके, विचार करून बोले, तिच्या बाजूने उभा राही. ती त्याच्याशी संसार करत होती. त्या माणसाची त्याला आज पहिल्यांदा ओळख झाली आणि त्याच्यासमोर मान वर करायची सोय राहिली नाही. हेल्मेटच्या आत तोंड लपलेलं होतं हे एक बरं होतं.

मग ती थांबली. पुढचे दोन सिग्नल तिच्या श्वासाखेरीज काहीच ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, आता वळावं, दुकान गाठावं, एकाचा डबा घ्यावा आणि हे मिटवावं. वेळ मारून नेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"एक विचारू?" ती म्हणाली. दोन बोटं त्याच्या खांद्यावर आली आणि दाबली गेली. "तोंडावर विचारायचा कधी धीर झाला नाही. आणि एवढ्या जोरात ओरडून विचारण्यासारखं नव्हतं ते. आईचं."

त्याला आईचं म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. चौदा वर्षं झाली होती. तिची आई दुसऱ्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि एकदा न्हाणीघरात घसरून पडली. त्यानंतर कधीतरी, एका संध्याकाळी पुलावर, याच दोन बोटांनी त्याचा खांदा दाबला. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, जास्त जोरात. त्याने खूप ठाम हं भरला. तेव्हा तिने मागून दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि घर येईपर्यंत सोडली नाही. भर रस्त्यात तिने असं कधी केलं नव्हतं. त्याला ते इतकं आवडलं की कशाबद्दल हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. पुढचे तीन आठवडे ती घरात गुणगुणत होती, आतली खोली आवरत होती, खिडकीला नवे पडदे लावत होती. ते सुखही त्याने फुकटात घेतलं. आणि मग एका दुपारी त्याने दार उघडलं तर सासूबाई उभ्या, मागे टेम्पोवाला, दोन ट्रंका, गादीची वळकटी आणि शिवणाचं मशीन. भाड्याच्या खोल्या सोडून आल्या होत्या. "जावईबापू, तुम्ही स्वतः म्हणालात म्हणून आले हो," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळला होता. त्याला काहीच कळेना. त्याने मशीनकडे बघितलं, ट्रंकांकडे बघितलं आणि विचारलं, "किती दिवस आहात?"

त्यांनी वळून टेम्पोवाल्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हे काय, आठ-दहा दिवस." टेम्पोवाल्याने ट्रंका बोळात ठेवल्या. त्या अकरा दिवस तिथेच राहिल्या, कुलूपबंद. सासूबाई रोज हातपिशवीतल्याच दोन साड्या आलटून पालटून नेसत. त्यांनी त्याच्या कामाच्या शर्टाचे उसवलेले खिसे शिवून दिले, न सांगता, सगळ्याच शर्टांचे. बाराव्या दिवशी इथलं पाणी सोसत नाही म्हणून त्या एका पुतण्याच्या घरी गेल्या, मागच्या खोलीत, आणि पुढच्या वर्षी तिथेच वारल्या. शेवटी तिच्या वाट्याला ते मशीन आलं. ते अजून घरात आहे, झाकलेलं.

पण ज्याला तो पाप म्हणत असे ते दारातलं नव्हतं. दारात त्याला खरंच काही कळलं नव्हतं. पाप त्यानंतर अर्ध्या तासाने झालं. स्वयंपाकघरात, आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून, ती कुजबुजत्या आवाजात त्याला विचारत होती, असं का केलंत. तो म्हणाला, तू मला विचारलं नव्हतंस. ती म्हणाली, "विचारलं नव्हतं? पुलावर दोनदा विचारलं. तुम्ही हो म्हणालात." तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं. मला ऐकू आलं नाही. चार शब्दांत सगळं सुटलं असतं, सासूबाईंच्या ट्रंका उघडल्या असत्या. पण त्या चार शब्दांच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता. मग कालचं? मग परवाचं? मग अकरा वर्षांचं? तो सगळा डोलारा त्याला कोसळताना दिसला. नळ वाहत होता. "म्हणालो असेन," तो म्हणाला. "पण आता विचार केला तर जमेलसं वाटत नाही." शब्द फिरवणारा माणूस व्हायला तो तयार झाला, न ऐकणारा व्हायला नाही. एका म्हातारीचं घर त्याने त्यासाठी घालवलं. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. सांगण्याची एकमेव जागा गाडी होती, आणि गाडीवर तो बोलत नसे.

"तुम्ही आधी हो म्हणालात," कानात ती म्हणत होती, अगदी हळू, "आणि मग फिरलात. मधल्या तीन आठवड्यांत काहीतरी झालं असणार. मी खूप आठवून बघते. तुमच्या वहिनींना मी त्या महिन्यात उलट बोलले होते, ते तुम्हाला लागलं का? का ते पडदे? तुम्हाला न विचारता आणले म्हणून? तुम्ही असं उगीच करणारे नाही, ते मला माहीत आहे. म्हणून वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असेल. आता सांगितलंत तरी चालेल. मी रागावणार नाही."

समोरचा रस्ता गोदामांच्या लांबलचक भिंतीला लागून सरळ जात होता, रविवारची दुपार म्हणून मोकळा. त्याला वाटलं होतं की आपण फार तर तिच्या आईचे गुन्हेगार आहोत. चौदा वर्षं ही बाई त्या तीन आठवड्यांतला एकेक दिवस उचकटून स्वतःचा अपराध शोधत होती, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पडदे. निळे होते ते. त्याने गाडी भिंतीकडेला घेतली आणि बंद केली. इंजिन थांबल्यावर तिचा श्वास आणखी मोठा ऐकू येऊ लागला.

"मला ऐकू आलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"पुलावर. तू काय विचारलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी नुसतं हं म्हणालो. आई दारात आल्या तेव्हा मला काही माहीत नव्हतं." आता थांबलं तर पुन्हा कधी जमणार नाही हे त्याला कळत होतं. "तुझं काही चुकलं नाही. आणि नुसतं तेव्हाचंच नाही. गाडीवर तू बोलतेस ते मला कधीच ऐकू आलं नाही. पहिल्यापासून. वाऱ्याने काही कळायचं नाही. मी आपला हं म्हणत गेलो. आज पहिल्यांदा ऐकलं."

तिने श्वास धरला होता हे त्याला तिने तो सोडल्यावर कळलं. मग दोन बोटं त्याच्या खांद्यावरून उचलली गेली, गाडी तिच्या वजनाने एकदा हलली आणि ती उतरली. त्याच्याकडे न बघता ती भिंतीच्या कडेने चालू लागली, राखाडी हेल्मेट डोक्यावर, पर्स काखेत, दुकानाच्या उलट दिशेला. त्याला हाक मारायचं धाडस झालं नाही. तो सीटवर बसून राहिला आणि तिच्या चपलांचा आवाज, हुंदका गिळल्याचा आवाज, पर्सची कडी हलल्याचा आवाज सगळा त्याच्या कानात येत राहिला. मग ती बोलली, पण त्याच्याशी नाही.

"आई," ती म्हणाली, "त्यांना ऐकूच आलं नव्हतं गं. त्यांनी दारात नको म्हटलंच नव्हतं तुला. आणि मी तुला सांगितलं, ते स्वतःहून म्हणाले, मोठ्या मनाने म्हणाले. तू खोल्या सोडल्यास. आई गं."

तो ऐकत होता. हे त्याच्यासाठी नव्हतं. एखाद्याच्या घराचं दार उघडं राहावं आणि आपण बाहेर उभं राहून आत बघावं तसं त्याला झालं. ती बटन विसरली होती. तो गप्प राहिला असता तर तिला कधीच कळलं नसतं, आणि गप्प राहणं त्याला जेवढं जमत होतं तेवढं दुसरं काही जमत नव्हतं. ती वीस-पंचवीस पावलं गेली असेल. शरमेने त्याचे कान आत, स्पीकरच्या कापडाखाली, भाजल्यासारखे झाले होते.

"अगं," तो म्हणाला, "दिवा चालू आहे. मला सगळं ऐकू येतंय."

ती जागच्या जागी थांबली. तिचा हात हेल्मेटच्या बाजूला गेला, बोटाने मोठं बटन शोधलं आणि त्याच्यावर टेकलं. लांबून तिची पाठच दिसत होती. त्याने डोळे मिटले आणि कानातला तो शेवटचा टक् ऐकायची तयारी केली. तो आला नाही.

"मग ऐका," ती म्हणाली. आवाज घरातलाही नव्हता आणि मघाचाही नव्हता. "अकरा दिवस होती ती. पहिल्या दिवशी रात्री जेवली नाही. मला म्हणाली, भूक नाही, प्रवासाने. मी तुम्हाला सांगितलं होतं दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात जाताना. तुम्ही हं म्हणालात. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं..."

ती पुन्हा चालू लागली होती. ती बरीच पुढे गेली तेव्हा आवाजात पहिली खरखर आली, एक शब्द तुटला. तो घाईने खाली उतरला. इंजिन सुरू केलं असतं तर काहीच ऐकू आलं नसतं. त्याने गाडी न्यूट्रलला टाकली, हँडल धरून अंग पुढे टाकलं आणि ती जड गाडी ढकलत तो तिच्या मागे निघाला. रस्ता थोडा चढाचा होता. ती वळून बघत नव्हती आणि चालही कमी करत नव्हती, तिच्या बोलण्यात तिसरा दिवस सुरू झाला होता, आणि तो धापा टाकत, स्वतःच्या धापेचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून तोंड मिटून, गाडी ढकलत राहिला.